ओरडू दे तिला!

चढाच्या वळणावर गाडीच्या तोंडातून वाफ निघाली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बाबांचा जुना ट्रक. गुडघे गेल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, आणि आईने तेव्हाच बजावलं, "आता एकदा जरी बंद पडली, तर सरळ भंगारात!" मागच्या ट्रॉलीत आमच्या नर्सरीची रोपं होती. गाडी गेली की नर्सरीही गेली.

वळणावरच्या गॅरेजमधून तिथला तरुण मेकॅनिक हात पुसत आला. कपाळाला ग्रीस. डोळे मात्र... असो.

"वरच्या गिअरमध्ये चढत होतात ना?"

"हो. इंजिन ओरडलं की झिजतं, असं बाबा म्हणतात."

"रिकाम्या गाडीला ठीक आहे. पण एवढं ओझं ओढताना दबकत चालवलंत, तर गुदमरेल बिचारी. इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, वाढले की पंखा जोरात फिरतो, पाणी खेळतं, इंजिन थंड राहतं. गिअर खाली घ्या आणि ओरडू द्या तिला!"

"आणि काही तुटलं तर?"

"आरपीएमचा काटा लाल रेघेच्या आत ठेवा. मी बसतो शेजारी."

गाडी निवली, पाणी भरलं. मी जीव मुठीत धरून खालचा गिअर टाकला. बाई गं, काय गर्जली! पण तापमानाचा काटा जागचा हलला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा मी हसत होते, रडतही होते. बाबांची गाडी वाचली होती! आभार कसे मानावेत तेच कळेना. "असू द्या हो," म्हणत तो उतरला आणि चालत खाली गेलासुद्धा.

मग दर आठवड्याला गाडी ते वळण ऐटीत चढून जायची... आणि मी चुटपुटत राहायचे. थांबायला कारणच उरलं नव्हतं ना!

शेवटी एक दिवस मी अकलेचे तारे तोडलेच. वळणावर मुद्दाम वरचा गिअर टाकला. गाडी कण्हली, मी ती कडेला थांबवली. तो धावत आला, वाकून आधी तापमानाचा काटा पाहिला, मग मला.

"काटा तर जागेवर आहे. मुद्दाम केलंस?"

मी लिंबाचं रोप पुढे केलं. "हे... आभाराचं राहिलं होतं."

"त्यासाठी तिला छळलंस? हॉर्न आहे की! मी तर दर आठवड्याला कान लावून बसतो. गाडी झकास चढली की बरं वाटतं... आणि तू निघून गेलीस की वाटतं, शिकवून स्वतःचंच नुकसान केलं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, देव जाणे. माझे कान तापले.

"बस शेजारी. माथ्यापर्यंत."

रोप मांडीवर घेऊन तो बसला. मी खालचा गिअर टाकला, इंजिनाने आवाज चढवला.

"मला तू—"

"काय? ऐकू येत नाही!"

"म्हटलं, मला—"

"मोठ्याने बोल!"

मग काय, घेतला श्वास आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मला तू आवडतोस!"

नेमका तेव्हाच माथा आला. माझा पाय उचलला गेला, इंजिन शांत झालं, आणि माझा आवाज तेवढा राहिला. रस्त्याकडेला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. मेले मी!

तो कानापर्यंत लाल झाला होता. रोप मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

"तुझ्या बाबांना भेटायला हवं," तो म्हणाला.

"कशाला?"

"सांगायला... की ओरडल्याने काही बिघडत नाही."