दुसरं वर्ष, पास

या, जरा पुढे सरकून बसा, दाराशी कुणी ताटकळू नका. एका थोरल्या बहिणीची गोष्ट सांगायची आहे. पदर म्हणा, रुमाल म्हणा, हाताशी असू द्या. नंतर शोधाशोध नको...

"ताई, उद्या आमच्या वर्गातली मुलं तुझ्या धुलाईघरात येणार आहेत, मुलाखती घ्यायला," कप आपटत धाकटी म्हणाली. "तुला विचारलं तर उगाच शहाणपण पाजळू नकोस. कामाचे तास सांग आणि गप्प बस."

"अगं, पण विषय काय?"

"श्रमविभागणी. नापासांना काय कळणार त्यात!"

श्रमविभागणी... तो शब्द कानी पडला मात्र, ताईच्या अंतःकरणात कुठेतरी कळ उठली! सात वर्षांपूर्वी धाकटीच्याच विद्यापीठात, समाजशास्त्राच्याच विभागात तिनं त्याच विषयावर निबंध वाचला होता आणि सारा वर्ग चिडीचूप ऐकत राहिला होता. तिनं कप उचलून विसळायला घेतला.

नापास! हे बिरूद तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. वडील आधीच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, कुणीतरी कामाला लागणं भागच होतं. धाकटी तेव्हा शाळेत, खरं कळतं तर "तू सोडतेस? मग मीही सोडते" म्हणून दप्तर भिरकावणारी हट्टी पोर ती! म्हणून ताई हसत म्हणाली होती, "झाले बाई नापास, अभ्यास काही आपल्या नशिबात नाही." आईनंही ते खरं मानलं, आणि तसंच मानून डोळे मिटले. धाकटी मात्र शिकली, पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचली... केवढी ही देवाची दया! ताई रोज हात जोडी, त्याचे आभार मानी. एवढंच एक शल्य उरात होतं, की जिच्यासाठी खोटं बोलली, तिच्याच नजरेतून ती उतरली होती.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या धुलाईघरात, कढत पाण्याच्या वाफेत, एक चष्मेवाली मुलगी कागद घेऊन ताईसमोर बसली. घरच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही असा वर्गाचा नियम, म्हणून धाकटीची रवानगी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात झालेली.

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," चष्मेवाली म्हणाली. "शिक्षण?"

नाव येणार नाही! ताईचा बिचारीचा समज झाला की मग कुणाला कळणारही नाही. "दुसरं वर्ष, पास," ती हळूच म्हणाली, आणि सात वर्षं अडवून धरलेलं सारं ओठांवर आलं...

चार दिवसांनी, भर दुपारी, धाकटी धुलाईघराच्या दारात उभी! श्वास फुललेला, हातात तोच कागद.

"अगं, काय झालं? पडलीस की काय कुठे?"

"आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या मुलाखती एकमेकांत वाटल्या," धाकटी कागद उलगडत म्हणाली. "एकानं घेतलेली दुसऱ्यानं वाचायची. ही माझ्या वाट्याला आली. नाव नाही हिच्यावर... पण ऐक. 'धाकटी म्हणते, नापासांना काय कळणार त्यात. ऐकून वाईट वाटतं. पण ती पुस्तकं घेऊन बाहेर पडते ना, तेवढं पाहिलं की माझा दिवस सोन्याचा जातो.' ताई, हे वाक्य माझं आहे गं! दुसऱ्याच्या अक्षरात माझंच वाक्य!"

ताईच्या हातांत भली मोठी ओली चादर होती. तिनं चादरीची दोन टोकं पुढे केली. "धर. एकटीनं पिळता येत नाही ही."

धाकटीनं टोकं धरली. एकीनं उजवीकडे पीळ दिला, दुसरीनं डावीकडे, आणि चादरीचं पाणी जास्त गळलं की डोळ्यांचं, ते कळलंच नाही...

"मारून टाक मला," धाकटी हुंदक्यांत म्हणाली.

"आणि मग परवाची तोंडी परीक्षा कोण देणार? मी?"

"तूच दे!" रडता रडता धाकटीला हसू फुटलं. "खरंच ताई, बाईंना विचारून आले. तुझं तिसरं वर्ष अजून करता येतं. प्रवेशअर्ज आणलाय. पण आधी मला ती श्रमविभागणी समजावून सांग. तीनदा वाचली, डोक्यात शिरत नाही."

"नापासांना विचारतेस?"

"ताई!"

ताईनं ओले हात साडीला पुसले, अर्ज घेतला, कपाळाला लावला. "देवा, एवढं सारं कशाला दिलंस रे!" असं पुटपुटत ती चादरींच्या ढिगाऱ्यावर बसली, धाकटीला ओढून शेजारी बसवलं आणि शिकवू लागली.

आता तुमच्याकडे एक मागणं. घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या चष्मेवालीची आठवण ठेवा. दोन शब्द लिहून तिला पुढच्या बाईकडे जाता आलं असतं, तिचा कागद भरला असता. पण वाफेनं चष्मा धुरकटला तरी ती ऐकत राहिली, आणि एक अक्षर न गाळता तिनं सारं लिहून घेतलं. पोरीचं भलं होवो, एवढं म्हणा तिच्यासाठी.