रक्त दिसत नाही

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे, आणि खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आता कुणाशी वाद घालायची हौस राहिलेली नाही.

मार्च २००७. रत्नागिरीतलं एक छोटं प्रसूतिगृह. वर वॉर्ड, खाली लॅब. लॅबमध्ये टेक्निशियन मी, माझं नाव सुमेधा.

त्याच आठवड्यात माझा मामेभाऊ देवदत्त मुंबईहून एक यंत्र घेऊन आला होता. प्रकाशाने रक्तगट ओळखणारं. अजून चाचणी चालू होती त्याची. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, पट्टी आत सरकवायची, खालून प्रकाश जातो. पट्टीवर तीन जागी तीन रसायनं. एक ए गटाचं रक्त पकडतं, दुसरं बीचं, तिसरं ओचं. रक्त जिथे चिकटेल तिथे प्रकाश बदलतो, आणि कॉम्प्युटरवर रेघ वर चढते.

काहीच चिकटलं नाही तर खाली ओळ येते... रक्त दिसत नाही.

रिकामी पट्टी घातली तरी हेच येतं. हे लक्षात ठेवा.

त्या दुपारी मैनाला आणलं. आतल्या गावातली पोर, पहिलंच बाळंतपण. मुलगी झाली, गोंडस. पण मैनाचं रक्त थांबेना.

मी नेहमीसारखी स्लाइडवर तपासणी केली. ओ गट. ओची एक बॅग माझ्या फ्रिजमध्ये होतीच. ती मैनाच्या रक्ताशी जुळवून बघायची, म्हणजे क्रॉसमॅच, एवढंच राहिलं होतं. डॉक्टरबाई वरून ओरडल्या, "क्रॉसमॅचला वेळ नाही, बॅग पाठव!"

त्याआधी त्यांनी मैनाच्या आईला, जनीबाईंना, माझ्यासमोर विचारलं होतं, "घरात कुणाला रक्त चढवताना त्रास झालाय का?"

"नाय."

"मुलं किती तुम्हाला?"

"ही मैना, नि आत्माराम. तो पावसला आंब्याच्या बागेत राखणीला हाय."

बोलता बोलता जनीबाईंनी मैनाच्या गादीखाली कोयती सरकवली. बाळंतिणीजवळ लोखंड ठेवतात पुष्कळ जण. आम्ही ती तिथेच राहू दिली.

शमिका सिस्टर बॅग न्यायला खाली आली, तेवढ्यात देवदत्तने मैनाचा थेंब यंत्रात घातला.

रक्त दिसत नाही.

त्याने पट्टी बदलली. पुन्हा तेच.

"चष्मा लाव तुझ्या यंत्राला," मी म्हटलं. मग बॅगेच्या नळीतला थेंब घालून पाहिला. ओची रेघ सरसर वर चढली. यंत्र ठणठणीत होतं. पुन्हा मैनाचा थेंब घातला... सगळ्या रेघा जमिनीला टेकलेल्या.

देवदत्त हसला नाही.

आणि तेव्हा वास आला...

सुरंगीचा. ताज्या गजऱ्याचा. लॅबमध्ये स्पिरिटशिवाय कधी कसला वास येत नाही.

पाठोपाठ फ्रिजच्या मागून काचेच्या बांगड्या किणकिणल्या. फ्रिजच्या मागे भिंत आहे.

शमिका बॅग ट्रेमध्ये ठेवून वर गेली होती. जिन्यावरून तिची हाक आली, "सुमेधा, बॅग कुठंय?"

"तूच नेलीस ना!"

"अगं, ट्रे रिकामा आहे..."

मी फ्रिज उघडला.

बॅग आपल्या जागेवर होती.

मी शमिकाला चार शब्द सुनावले. वर बाई मरतेय आणि हिला भान नाही! बॅग उचलली, छातीशी घट्ट धरली आणि मीच जिना चढू लागले.

वळणावर लाइट गेली. लोडशेडिंग. दिवसभर चालायचं ते तेव्हा.

सुरंगीचा वास एकदम दाटला...

बांगड्या वाजल्या. माझ्या कोपराला लागून.

मनगटावर एक हात टेकला. ओला, गार. ओढलं नाही, दाबलं नाही. लेकराच्या हातातली कात्री आई जशी हळूच काढून घेते, तसं काहीतरी माझ्या हातांतून निघून गेलं.

माझे हात रिकामे होते.

धावत खाली आले. फ्रिज उघडला. बॅग आत. खोटं कशाला सांगू, रडूच आलं मला.

बॅग तिथेच टाकून मी वर गेले. देवदत्त माझ्या मागे.

जनीबाई दारातच वास घेत उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"आली ती! कोयती ठेवली तरी आली! माझ्या मैनाला न्यायला आली!"

"कोण?" मी विचारलं.

"नाव नको काढू, बाय! बाळंतिणीच्या खोलीत तिचं नाव घेत नाय!"

पलंगावरून अगदी बारीक आवाज आला. मैनाचा.

"आक्का हाय ती. माझी मालन आक्का. केसांत कायम सुरंगी असायची तिच्या."

जनीबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मैनाने तो बाजूला केला. कुठून बळ आलं कोण जाणे.

"आये, सांग त्यांना. आक्काला पण बाळंतपणात रक्त चढवलं. अंगात आग पेटली, आग पेटली, असं म्हणत गेली ती."

त्यांच्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईला अळवंतीण मानतात. ती दुसऱ्या बाळंतिणीला न्यायला येते म्हणतात. म्हणून तिचं नाव घरातून पुसून टाकतात. सख्ख्या आईने पोटची मुलगी मोजायची सोडली होती.

"तिचा गट कुठला सांगितला होता?" देवदत्तने विचारलं.

"ओ," जनीबाई पुटपुटल्या.

देवदत्त मटकन खाली बसला.

"यंत्र आंधळं नाही, सुमेधा. ए, बी, ओ, यातलं काहीच हिच्या रक्तात नाही. बॉम्बे ग्रुप आहे हा. स्लाइडवर फक्त ए-बी बघतात, म्हणून ओ दिसतो, पण ओचं रक्त चढवलं तर माणूस जातो. हिला हिच्याच गटाचं लागेल. सख्ख्या भावाचं जुळू शकेल."

डॉक्टरबाईंनी सलाइन वाढवलं आणि पावसला फोन लावला. आत्माराम कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला, अंगावरचे बागेतले कपडे तसेच. देवदत्तने त्याचा थेंब घातला.

रक्त दिसत नाही.

ती ओळ वाचून मी आत्मारामचे हातच धरले.

सगळ्या तपासण्या केल्या. या वेळी क्रॉसमॅचही केलं. जुळलं. त्याची बॅग मीच वर नेली. जिन्यात कुणी घेतली नाही. बांगड्या मात्र माझ्या मागून येत होत्या... वॉर्डच्या दारापर्यंत. तिथे थांबल्या.

मैना वाचली.

जनीबाईंनी गादीखालची कोयती काढली आणि भिंतीशी बसून हंबरडा फोडला. "मालन! माझे मालन! तू राखायला आलीस, नि मी तुला कोयती दाखवली गो!" वॉर्डातल्या सगळ्या बायका रडत होत्या. मीपण.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी देवदत्त आवरत होता. यंत्र बंद करण्याआधी एक कोरी पट्टी घालून बघायची त्याची पद्धत. मी पाकीट फोडून पट्टी आत सरकवली.

रक्त दिसत नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "रिकामीच आहे."

मी मान डोलावली. आणि मग मनात आलं... मालनचा थेंब असता, तरी यंत्राने हेच सांगितलं असतं.

खोलीत सुरंगीचा वास होता.

पट्टी बाहेर ओढली. बोटांना ओली लागली.

मी खाली पाहिलं नाही. न बघताच डब्यात टाकली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धुतले. ती नुसती निरोप घ्यायला आली होती, की अजून काही सांगायचं होतं तिला? पाहायला हवं होतं, असं आजही वाटतं. मैनाची मुलगी आता मोठी झाली आहे. तिचं नाव मालन ठेवलंय.

पुढेमागे तिचंही लग्न होईल, बाळंतपण येईल. तिचा रक्तगट अजून कुणी तपासलेला नाही. मी जनीबाईंना किती निरोप धाडले... त्या दरवेळी म्हणतात, "तिची मावशी हाय की बघायला."