डावीकडची सीट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवलाय. कारण हे ज्याच्या बाबतीत घडलं, त्या कॉलिनला मी खूप वर्षं ओळखतो. चेस्टरफील्डच्या एका शाळेत आम्ही शेजारशेजारच्या वर्गांत शिकवायचो. तो गणिताचा मास्तर. भुताखेतांचा विषय निघाला की हसून उठून जाणारा माणूस.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

ऑगस्ट १९९८. फ्रान्समधला खेड्यापाड्यांतून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची शेतं, आणि भर दुपारचं लख्ख ऊन.

कॉलिनची बायको जिल आदल्या हिवाळ्यात गेली. कॅन्सर. शेवटच्या रात्री तिनेच त्याला घरी पाठवलं होतं. ‘जा, जरा झोप, उद्या ये.’ पहाटे हॉस्पिटलचा फोन आला. निरोपाचं बोलणं राहून गेलं ते गेलंच. त्यानंतर कॉलिनला जगात एकच गोष्ट हवी होती. जिलचा आवाज, एकदाच.

दर उन्हाळ्यात ही मंडळी गाडी घेऊन निघायची. आधी थोडं इंग्लंड बघायचं, मग पोर्ट्समथहून बोट, मग फ्रान्सची खेडी. त्या वर्षी जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण तसं म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. म्हणून गेले. कॉलिन, त्याची पंधरा वर्षांची मुलगी हेदर, आणि जिलची आई डॉरीन.

आजी आणि नात मागे बसल्या. पुढची डावीकडची सीट रिकामी राहिली. असं कोणी ठरवलं नव्हतं.

इंग्लंडात काहीच झालं नाही. स्टोनहेंजला पावसाने झोडपलं. डॉरीन छत्रीखालून म्हणाल्या, “तिकीट काढून दगड बघायचे. आमच्या डर्बीशायरात काय दगडांचा दुष्काळ पडलाय?”

हेदर हसली. कितीतरी दिवसांनी हसली. कॉलिनला वाटलं, आलो ते बरं झालं.

मग बोटीतून ते पलीकडे उतरले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. त्यामुळे इंग्लिश माणूस आपली गाडी घेऊन तिथे गेला की पुढच्या वाहनाआडून त्याला समोरचं काहीच दिसत नाही. ओव्हरटेक करायचं तर डावीकडे बसलेल्याने सांगायचं, थांब किंवा जा. घरोघरी बायका हेच काम करतात. जिलने सतरा वर्षं केलं. तिच्या शब्दावर कॉलिन डोळे मिटून गाडी बाहेर काढायचा.

पहिल्याच दुपारी गवताचे भारे लादलेला एक ट्रॅक्टर पुढे लागला. कॉलिनने मान लांब करून पाहिलं. काही दिसेना. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं,

“मोकळा आहे का गं?”

विचारलं आणि त्याला कसंतरीच झालं.

तेवढ्यात...

“थांब.”

हलकाच आवाज. त्याने ब्रेक दाबला. समोरून एक ट्रक सुसाट निघून गेला.

मग पुन्हा...

“हं. जा आता.”

तो गेला. ट्रॅक्टर मागे पडला. कॉलिन म्हणाला, “थँक्स, डॉरीन.”

त्याने आरशात पाहिलं. डॉरीन तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. हेदरच्या कानात गाणी चालू होती.

त्याने स्वतःची समजूत घातली. भास झाला, दुसरं काय.

पुढे टोलनाका लागला. तिथे तिकीट देणारं मशीन डावीकडे असतं, म्हणजे त्याचा हात पोचायचा नाही. तो उतरला, वळसा घालून पलीकडे गेला. मशीनमध्ये तिकीट नव्हतं. पुढची आडवी दांडी मात्र वर उचललेली होती.

त्याने गाडीत वाकून पाहिलं.

डावीकडची काच खाली होती. तिकीट रिकाम्या सीटवर पडलं होतं.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. कॉलिन परत येऊन बसला. भीती वाटली नाही, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं. आनंद झाला.

त्यानंतर त्याने मोठा रस्ता सोडला. किल्ले, चर्च, नदीकाठची गावं सगळं बघत होते, पण कॉलिनचं लक्ष कुठेच नव्हतं. तो आडवाटेने जाऊन ट्रॅक्टर शोधायचा, गुरांचे ट्रक शोधायचा. मागे लागायचा आणि हळूच विचारायचा. दर वेळी तोच आवाज. थांब. जा आता.

तो इतरही काही विचारून बघायचा. “जिल, दुखतंय का गं अजून?”

शांतता.

“मी त्या रात्री जायला नको होतं ना?”

शांतता. फक्त इंजिनाची घरघर. पुढे एखादं वाहन आलं की मात्र... थांब.

“कॉलिन,” डॉरीन मागून म्हणाल्या, “चांगला मोकळा रस्ता सोडून तू या गाईंच्या ढुंगणामागे का चाललायस?”

“इथलं दृश्य छान आहे.”

“कोणतं, हे?”

हेदर हसली नाही. ती बापाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

एका गावात पेट्रोल भरायला थांबले. डॉरीन दुकानात गेल्या. पंपाचा मालक म्हातारा होता. फ्रेंच माणूस तो, सवयीने डावीकडच्या खिडकीशी आला, चालवणारा तिथेच असणार म्हणून. खाली वाकला, काहीतरी बोलला.

आणि थबकला.

हळूच त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग वळसा घालून कॉलिनकडे आला आणि रागाने काहीतरी म्हणाला. कॉलिनला ओ की ठो कळलं नाही. हेदर शाळेत फ्रेंच शिकत होती.

“काय म्हणतोय?”

हेदरचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हणतोय... बाई इतक्या रडतायत. त्यांना जरा उतरू तरी द्या.”

कॉलिनने तिला तिथेच, पंपाशेजारी उभं राहून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, “तुझ्याशी बोलते? इतके दिवस? आणि मी मागे बसून गाणी ऐकतेय?”

“हेदर...”

“मला पुढे बसू दे, डॅड.”

“नको.”

“का?”

कॉलिन गाडीकडे वळला. उत्तर त्याला माहीत होतं. ती तिथे बसली तर जिलला जागा उरणार नव्हती.

इथे मला त्याची चीड येते. स्वतःच्या पोरीला आईची ती एवढीशी जागा दिली नाही. आणि कीवही येते. मी असतो तर दिली असती का, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात लाकडाचे ओंडके नेणारा ट्रक लागला. कॉलिनने विचारलं.

आवाज आला नाही.

पुन्हा विचारलं. नाही. संपलं की काय? तो इतका घाबरला, की तिने बोलावं म्हणून त्याने आंधळ्या वळणावर गाडी बाहेर काढली. न बघता.

“थांब... थांब ना रे... पोर आहे मागे...”

जिल हुंदके देत होती.

त्याने गाडी आत घेतली तेव्हा समोरून आलेली बस हातभर अंतरावरून गेली. पुढे कडेला गाडी उभी केली.

मग डॉरीन म्हणाल्या, “मला सगळं कळलंय, कॉलिन. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. काल पंपावर दुकानाचं दार उघडंच होतं.” मग आवाज खाली आणून, “काय बोलते रे ती?”

“फक्त रस्त्याचं.”

“लहानपणापासून तशीच. कामापुरतं बोलायची.” त्यांनी डोळे पुसले. “आता पोरीला मारू नकोस. एक गेली तेवढी पुरे.”

कॉलिन उतरला. मागचं दार उघडलं. “ये, हेदर. पुढे बस.”

ती बसली. काही ऐकू येतंय का म्हणून श्वास रोखून बसली. पुढे एक ट्रॅक्टर आला. कॉलिनने हळूच विचारलं. बराच वेळ गेला आणि मग हेदरच म्हणाली, “थांब, डॅड. मोटारसायकल येतेय.” तिचा स्वतःचा, रडवेला आवाज. आईचा नाही. दोघांनाही कळलं.

कॉलिन रडत रडत गाडी चालवत राहिला.

पण नंतर त्याची नजर आरशात गेली...

हेदर पुढे आल्यामुळे डॉरीनच्या शेजारची जागा रिकामी झाली होती. डॉरीननी आपली पर्स तिथून उचलून मांडीवर घेतली होती. त्यांचा हात त्या रिकाम्या सीटवर होता, तळवा वर. बोटं मिटलेली होती, कोणाचातरी हात धरल्यासारखी.

परतीच्या सगळ्या वाटेवर तो हात तिथून हलला नाही. रात्री मुक्कामाला उतरतानाही त्या सगळ्यांत शेवटी उतरायच्या. टोमणे बंद झाले. चेहरा मात्र इतका शांत, की कॉलिनला विचारवेना.

बोटीत गाड्या खाली ठेवून सगळ्यांना वर जावं लागतं. डॉरीन उतरायला तयार होईनात. बोटीवरच्या माणसाने सांगून पाहिलं, हेदरने समजावलं. शेवटी त्या गेल्या, पण जिन्यापाशी दोनदा मागे वळून बघितलं.

पोर्ट्समथला खाली येऊन सगळे गाडीत बसले. डॉरीननी शेजारी हात ठेवला.

थोडा पुढे सरकवला. मग मागे. सीट चाचपली, खाली पाहिलं.

“नाहीये,” त्या म्हणाल्या.

“पलीकडेच राहिली, कॉलिन. आपण तिला तिथेच सोडून आलो. तिला तर तिथली भाषासुद्धा येत नाही.”

घरापर्यंत त्या रडत होत्या. नंतरही, महिनोन् महिने, जेवताना, टीव्ही बघताना मध्येच विचारायच्या, “आता तिथे थंडी असेल ना?”

पुढच्या उन्हाळ्यात कॉलिन एकटाच गेला. तेच रस्ते, तीच शेतं, डावीकडे रिकामी सीट. ट्रॅक्टरांच्या मागे तासन् तास राहिला. विचारत राहिला. त्या पंपावरही गेला. म्हातारा सवयीने डावीकडच्या खिडकीशी आला, आत पाहिलं, आणि न थांबता सरळ कॉलिनकडे आला. पैसे घेतले, सुटे परत दिले.

एवढंच.

तो परतला तेव्हा डॉरीननी अंथरूण धरलं होतं. त्याला पाहून उठून बसायला लागल्या.

“भेटली?”

कॉलिन त्यांच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. जावई म्हणून तेवढाच एक गुण त्यांनी त्याला दिला होता.

“हो,” तो म्हणाला. “भेटली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आईला सांग, मी मजेत आहे. काळजी करू नका. आणि... आता वर जाते, तिथे तुमची वाट बघते म्हणाली.”

डॉरीननी त्याचा हात दाबला. “बरं झालं,” म्हणाल्या आणि उशीवर डोकं टेकलं. त्या आठवड्यातच गेल्या. हसतमुखाने गेल्या, हेदर सांगते.

हे सगळं कॉलिनने मला मागच्या वर्षी सांगितलं. आम्ही त्याच्या घरामागच्या बागेत बसलो होतो. चहा केव्हाच गार झाला होता.

“खोटं बोललो त्याचं काही नाही,” तो म्हणाला. “पण डॉरीन माझ्या शब्दावर गेल्या रे. वर जाऊन जिलला शोधत असतील. आणि ती अजून त्या रस्त्यावरच असली तर?”