वहिनीच्या गळ्यातली नळी

बाबांची शेगडी शोधायला आम्ही तिघं समुद्रात उतरणार होतो! दादा, वहिनी आणि मी. बाबा एका मालवाहू जहाजावर अकरा वर्षं स्वयंपाकी होते. ते जहाज वादळात खडकावर आपटलं. माणसं सगळी वाचली, पण जहाज अठरा मीटर खाली जाऊन आडवं झालं. "माझी शेगडी आहे का तेवढी बघून या," बाबा म्हणाले. थकल्या माणसाचं एवढंच मागणं.

पण शेगडी राहिली बाजूला, आदल्या दिवशी दादाच्या दुकानात त्याची आणि वहिनीची नळीवरूनच जुंपली. पाण्याखाली जाणाऱ्याच्या सिलिंडरला श्वासाच्या दोन नळ्या असतात: एक स्वतःच्या तोंडात, दुसरी जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी, चटकन दिसावी म्हणून पिवळी. दादा पडला प्लंबर, लोंबती नळी दिसली की याच्या अंगावर काटा येतो. त्याने आपली जास्तीची पिवळी नळी दोन क्लिपांनी कुशीला अशी चापून बसवली, जशी काही भिंतच आहे!

वहिनी तलावावर पोहणं शिकवते. तिने तोंडातली नळी लांबलचक घेतली आणि जास्तीची आखूड नळी रबरात ओवून हनुवटीखाली अडकवली.

"अहो, बुडणारा माणूस रंग बघत नाही," ती म्हणाली. "समोर दिसेल ते ओढतो. मग तोंडातलीच द्यायची आणि आपण गळ्यातली घ्यायची."

"हे काय, गळ्यात पाटी अडकवल्यासारखं," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबांना नावाड्यासोबत होडीत बसवून आम्ही उड्या मारल्या. पाणी इतकं नितळ, की उतरतानाच खाली जहाजाचा कठडा दिसायला लागला आणि त्यावरून चंदेरी मासे झुंडीने वाहत होते. मी तर हरखूनच गेले. या खिडकीत डोकाव, त्या दारात डोकाव! हवेच्या काट्याकडे बघायचं साफ विसरले.

शेवटी स्वयंपाकघराची खिडकी सापडली. हात पुढे केला, आणि श्वास जड झाला. पुन्हा ओढला. काहीच नाही!

मी दादाला खूण केली. त्याने पिवळी नळी खेचली. एक क्लिप सुटली. दुसरी सुटेना! तो तिरका होऊन झटतोय, माझी छाती फुटायला आलेली. मी वळले आणि वहिनीच्या तोंडातली नळी सरळ हिसकावली.

हवा! गार, भरपूर हवा!

वहिनीने मान खाली घातली, गळ्यातली नळी तोंडात धरली आणि माझा पट्टा घट्ट पकडला. खिडकी हाताच्या अंतरावर होती. तिने अंगठा वर केला, म्हणजे आता वर चला. मी मुकाट्याने निघाले. सावकाश वर आलो, पाच मीटरवर नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबलो, आणि तेवढ्यात या बाईने डोळे तिरळे करून मला हसवलं. मला तिची पप्पी घ्यावीशी वाटली.

होडीत येताच दादाने पाना मागितला. बाबांना सगळी हकीकत सांगून होईपर्यंत त्याने आपल्या दोन्ही क्लिपा काढल्या होत्या.

"तुझंच बरोबर होतं," तो वहिनीला म्हणाला. "मी चुकलो."

बाबा माझा हात धरून बसले होते. ते चमकून वळले. "शेगडी गेली खड्ड्यात. बेचाळीस वर्षांचा झाला हा, याच्या तोंडून 'चुकलो' आज पहिल्यांदा ऐकतोय मी."

"मला नीट ऐकू नाही आलं हो," वहिनी केस पुसत म्हणाली. "कानात पाणी गेलंय."

दादाने परत म्हटलं, या वेळी नावाड्यालाही ऐकू जाईल असं.