पडद्याच्या उजव्या अंगाला

रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा लांब्यानं यादीतल्या शेवटच्या घराचं दार वाजवलं. महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता. बरोबर बारा वाजता टीव्हीचं जुनं प्रसारण कायमचं बंद होणार होतं. ज्यांनी नवा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, बसवला नसेल त्यांच्या पडद्यावर उद्यापासून नुसत्या मुंग्या दिसणार होत्या.

हे आम्हाला तात्यांनी सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि लांब्या त्यांचा भागीदार. उंचीमुळे नाव पडलेलं. "शिडी दुकानात विसरला तरी त्याचं काही अडायचं नाही," असं तात्या म्हणतात. परवा रात्री वीज गेली, आत उकडायला लागलं, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो. मी, माझ्या मांडीवर झोपलेलं बाळ, माझी जाऊ आणि माझे मिस्टर. मिस्टरच म्हणाले, "तात्या, सांगा की एखादी भुताची."

"एखादी नाही, माझ्याकडे एकच आहे," तात्या म्हणाले. "आणि ती खरी आहे. लांब्याला मी तीस वर्षं ओळखतो. गोष्ट रचण्याइतकी अक्कल त्याला नाही."

त्या आठवड्यात लांब्याच्या पायाला चाकं लागली होती. तरुण मंडळींनी डबे केव्हाच बसवले होते. मागे राहिली होती ती सगळी म्हातारी माणसं. एका आजीनं डब्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि, "हात लावून बघ रे, ताप आलाय का याला?" असं विचारत होती. एक आजोबा टीव्हीचा रिमोट डब्याला आणि डब्याचा रिमोट टीव्हीला दाखवत तासभर दोघांनाही शिव्या घालत बसले होते. एक काकू तर रडल्याच. "इतकी वर्षं एका बटणावर चालत होतं. आता माझ्याच घरात टीव्ही लावायला सुनेला हाका माराव्या लागतात," म्हणाल्या. लांब्या सगळ्यांना कागदावर ठळक लिहून द्यायचा. आधी काळा रिमोट. मग करडा. घाबरू नका.

"घाबरू नका, हेही लिहायचा?" जाऊबाई हसल्या.

"तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात," तात्या म्हणाले.

तर शेवटचं घर होतं एका म्हाताऱ्या पोस्टमनचं. गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी. पुढे एक खोली, मागे एक खोली आणि वर गच्ची. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. बायको जाऊन अकरा महिने. मूलबाळ नाही. दार उघडलं तेव्हा टीव्ही चालूच होता आणि आजोबा एका हातानं दार धरून मागे पडद्याकडेच बघत होते.

लांब्या म्हणाला, "आजोबा, डबा बसवायला आलोय. दहा मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, बारानंतर काही दिसणार नाही."

"म्हणूनच तर म्हणतो, बारापर्यंत माझ्या टीव्हीला हात लावू नकोस."

लांब्याला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. त्यानं समजूत घातली. तुमच्या चित्राला सावली आहे बघा. टॉवरवरून येतं ते एक चित्र. तेच त्या टाकीवर आपटतं आणि पुन्हा येतं. जरासं उशिरा. म्हणून पडद्याच्या उजव्या अंगाला फिकट असं दुसरं चित्र पडतं. डबा बसवला की ते जाईल.

आजोबांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड अशी की सुटेना. "नीट बघ," म्हणाले. "मग सांग, कुणाची सावली आहे ती."

लांब्यानं बघितलं. बातम्या चालू होत्या. बातम्या देणारा माणूस मान हलवत होता, कागद उलटत होता. उजव्या अंगाला फिकट सावली होती... ती हलत नव्हती. बसलेली होती. पाठमोरी. खांद्यावर शाल, आणि मान जराशी एका बाजूला कललेली.

तात्या इथं थांबले. मिस्टर म्हणाले, "जुन्या टीव्हीत काहीही दिसायचं हो." तात्या म्हणाले, "लांब्यानंही स्वतःला तेच सांगितलं."

मग आजोबांनी मन मोकळं केलं. आजोबांना ऐकू कमी यायचं, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा असायचा. अकरा महिन्यांपूर्वी असेच बातम्या बघत बसले होते. मागच्या खोलीतून बायकोनं हाक मारली. "अहो..." आजोबा म्हणाले, "थांब जरा. एवढं संपू दे." तिनं पुन्हा हाक मारली. हे उठले नाहीत. तिसरी हाक आली की नाही, ते त्यांना आवाजात कळलंच नाही. बातम्या संपल्यावर आत गेले. ती पलंगाच्या कडेला बसल्या बसल्याच गेली होती. पाठमोरी. मान एका बाजूला.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या दारात हाका मारल्या," आजोबा म्हणाले. "एकानं दार उघडलं नाही तर मला राग यायचा. आणि माझ्याच घरात... ती रागावून गेली का रे? मला एवढंच कळू दे. मग मेलो तरी चालेल. महिना झाला, ती दिसायला लागलीय. एकदाही मागे वळून बघत नाही. आज बारा वाजले की तीही जाणार. आता एक तास उरलाय. काहीतरी कर. तू कारागीर आहेस ना?"

आणि त्यांनी लांब्यापुढे हात जोडले. ऐंशी वर्षांच्या माणसानं.

जाऊबाई म्हणाल्या, "मी असते तर पळाले असते." संध्याकाळी सासूबाई आतून हाक मारत होत्या आणि मी बाळाचं दूध गरम करत, "आले हो, आले," म्हणत तशीच उभी राहिले होते, ते मला आठवलं.

लांब्या पळाला नाही. चूक केली ती तिथंच. जन्मभर त्यानं लोकांच्या अँटेना सावलीपासून दूर फिरवल्या होत्या. त्या रात्री त्याला वाटलं, उलट करू. अँटेना टॉवरकडून वळवून टाकीकडे धरू. म्हणजे खरं चित्र पुसट होईल आणि सावली ठळक होईल. म्हातारा एकदा बघेल, त्याचा जीव शांत होईल. म्हणाला, "आजोबा, तुम्ही खिडकीजवळ बसा. मी वरून फिरवतो. आलं की सांगा."

तो गच्चीवर गेला. अकरा वाजून वीस मिनिटं. खांबाचा नट गंजलेला. तेल घालून, पान्यानं ठोकून तो सुटायला अर्धा तास गेला. समोर टाकी. काळीकभिन्न. गल्लीत चिटपाखरू नाही. त्यानं खांब धरला आणि हळूहळू फिरवला.

आपण सगळ्यांनी हे काम केलंय. एक जण वर, एक जण खाली.

"आजोबा, आलं का?"

खालून काही नाही.

त्यानं अजून थोडा फिरवला. "आता?"

"आलं." आजोबांचाच आवाज. थोडा बसलेला.

"अजून फिरवू?"

"थोडं डावीकडे."

लांब्याचे हात थांबले. हा आवाज बाईचा होता. त्याला वाटलं, शेजारीण आली असेल. एवढ्या मोठ्या आवाजात टीव्ही चालू, कुणीही येईल विचारायला. त्यानं खांब डावीकडे घेतला.

"अजून."

घेतला.

"अजून जरासं..."

आवाज जवळून आला. खिडकीतून नाही. जिन्यातून आल्यासारखा.

त्यानं खांब सोडला.

खांब फिरत राहिला.

वारा नव्हता. तात्यांनी हे दोनदा सांगितलं. पान हलत नव्हतं. खांब सावकाश फिरला, टाकीच्याही पुढे गेला आणि थांबला. वरची अँटेना आपोआप झुकली आणि तिचं तोंड आता सरळ खाली होतं. घराकडे.

"बास," बाई म्हणाली. "दिसले मला हे."



माझ्या मिस्टरांनी बिडी विझवली. मी बाळाचे पाय माझ्या पदराखाली घेतले.

लांब्या जिना कसा उतरला ते त्याला आठवत नाही. खाली आला तर आजोबा खुर्चीत. एकटे. टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ, की नव्या डब्यावरही तसं येणार नाही. उजव्या अंगाला काही नाही. सावली गेली होती.

आजोबा रडत होते. "काय केलंस रे हे? मी ओरडतोय, थांब, थांब. पुसली तू तिला. गेली ती!"

"तुम्हीच म्हणालात, आलं म्हणून..."

"मी नाही म्हटलं."

"मग थोडं डावीकडे, ते कोण म्हणालं? त्या बाई कोण?"

"कुठल्या बाई?"

लांब्यानं सांगितलं. बाई काय म्हणाली, ते जसंच्या तसं. दिसले मला हे.

आजोबांचं रडणं थांबलं. ते ऐकत राहिले, जणू अजून कुणी बोलतंय.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती. बातम्या देणारा माणूस सगळ्यांचा निरोप घेत होता. जुनं प्रसारण संपतंय, इतकी वर्षं साथ दिलीत, असं काहीतरी. थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो..."

लांब्यानं ऐकली. स्वतःच्या कानांनी. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत अंधार.

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. "तू ऐकलंस?"

लांब्यानं मान हलवली.

आजोबा उठले. टीव्हीकडे गेले. लांब्याला वाटलं, आवाज कमी करतील. त्यांनी टीव्हीच बंद केला. निरोप अर्धाच राहिला.

"आलो ग," आजोबा म्हणाले. "आलो. थांबू नकोस, मीच येतो."

गेले.

दार लोटलं गेलं.

लांब्या उभा. कानावर एक शब्द नाही... पलंग करकरला. एकदा. मग दुसऱ्यांदा.

घड्याळात बारा वाजले. तो हलला नाही. सव्वाबारा वाजता त्यानं सगळा धीर गोळा करून दार ढकललं आणि दिवा लावला.

आजोबा पलंगावर कुशीवर झोपले होते. एका कडेला. दुसऱ्या माणसाला जागा सोडून झोपतात, तसे. डोळे मिटलेले. अंग अजून गरम होतं, पण श्वास नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वयच होतं.

"झालं?" माझे मिस्टर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"नाही," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लांब्या दुकानात आला. तोंड पांढरंफटक. डबा तसाच सीलबंद परत आणला होता. डबा बसला की घरच्यांनी भरून सही करायची, ते कचेरीत जमा करायचे फॉर्म त्यानं पिशवीतून काढले आणि तात्यांपुढे ठेवले. पिशवी रात्रभर त्याच्या खांद्याला होती. गच्चीवरही. सगळ्यात खाली पोस्टमन आजोबांचा फॉर्म. तो कोराच असायला हवा होता, कारण काम झालंच नव्हतं.

तो भरलेला होता. निळ्या शाईनं. लांब्याकडे काळं पेन होतं. अक्षर बाईचं, जुन्या वळणाचं, एकेक अक्षर सुटं. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, बारा वाजून चार मिनिटं. खाली सही. ते नाव तात्यांनी आम्हाला सांगितलं नाही. रात्रीचं घेऊ नये म्हणाले.

आणि फॉर्मच्या शेवटी छापलेलं असतं, काही तक्रार असल्यास लिहावी.

तिथं लिहिलं होतं, नाही.

तात्या उठून आत गेले. मग आतून सासूबाईंनी हाक मारली, पाणी हवं होतं. मी बाळाला जाऊबाईंच्या मांडीवर टाकलं आणि पहिल्याच हाकेला धावले. अंधारात पाय ठेचला, तरी धावले.

हे वाचलंत तर माझं एक ऐका. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आतून हाक मारत असेल, तर टीव्ही असू दे, दूध असू दे, हातातलं सोडून उठा. आणि ज्यांच्या घरी हाक मारणारं अजून कुणी आहे, त्या सगळ्यांना हे सांगा. आजच सांगा.