मेणातली हाक

"असा एक आवाज आहे, इलारिया, जो दर वेळी ऐकला की थोडासा मरतो. सांग बघू, तो कसला?"

एवारिस्तो आजोबांनी हे विचारलं तेव्हा ते एका लाकडी पेटीसमोर बसले होते. पेटी त्या सकाळीच बोटीने आली होती, युरोपातल्या एका संग्रहालयातून. आजोबांनी ती अजून उघडली नव्हती. नुसता तिच्यावर हात ठेवला होता.

"प्रतिध्वनी?" इलारिया म्हणाली.

"नाही. प्रतिध्वनी आपोआप विरतो. हा ऐकणाऱ्यामुळे झिजतो."

इलारिया पेटीजवळ सरकली. ती अकरा वर्षांची होती. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे जमीन तुटून तिची बेटं होतात, तिथल्या नावारिनो बेटावर ती आई आणि आजोबांबरोबर राहायची. साल होतं २०६२. आजोबांनी सगळी उमर राजधानीत ध्वनिशास्त्र शिकवण्यात घालवली होती आणि म्हातारपणी ते बेटावर परत आले होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे त्यांचा मदतनीस यंत्रमानव बदकासारखा डुलत चालायचा, म्हणून त्याचं नाव पातो. स्पॅनिशमध्ये पातो म्हणजे बदक.

आजोबांनी पेटी उघडली. आत कापसात एक तपकिरी नळी होती, पाण्याच्या पेल्याएवढी. तिच्यावर बुरशीचे पांढरे डाग पडले होते आणि एका बाजूला टवका उडालेला होता.

"हे मेण आहे," आजोबा म्हणाले. "आणि यात माझी पणजी गाते आहे."

इलारियाने कान नळीजवळ नेला.

"गळ्यावर हात ठेव आणि 'आ' म्हण," आजोबांनी सांगितलं. तिने म्हटलं. "काय जाणवलं?"

"थरथर."

"तेच. आवाज म्हणजे थरथर. गळा थरथरतो, मग हवा थरथरते, मग तुझ्या कानाचा पडदा. आता समज, वाटेत एक पातळ पडदा ठेवला आणि त्याला सुई लावली. हवेबरोबर पडदा हलेल, पडद्याबरोबर सुई. सुईखाली मऊ मेणाची नळी फिरत असेल, तर काय होईल?"

"सुई मेणात चर पाडेल."

"आणि त्या चराच्या तळाशी उंचवटे आणि खळगे तयार होतील, थरथरीसारखेच. जोरात गायलं तर खोल, हळू गायलं तर उथळ. या यंत्राला फोनोग्राफ (आवाज मेणात कोरणारं जुनं यंत्र) म्हणायचे. खडबडीत रस्त्यावरून सायकल नेली की तू हादरतेस ना? तशी त्याच चरातून सुई पुन्हा फिरवली की ती हादरते, पडदा हादरतो आणि गाणं ऐकू येतं."

"मग फिरवा ना सुई!"

"मेण मऊ असतं, बाळा. सुई प्रत्येक फेरीला थोडा रस्ता खरवडून काढते. आणि या नळीला तर बुरशीने पोखरलंय. एकदा सुई लावली, तर तेच शेवटचं ऐकणं."

आता तिला कोडं उलगडलं. पण पुढचं काही विचारायच्या आधीच आजोबा खिडकीकडे वळले. बाहेर खाडीचं राखाडी पाणी होतं.

ते आणि इलारिया यागान जमातीचे होते. त्यांचे पूर्वज हजारो वर्षं याच खाड्यांमधून झाडाच्या सालीच्या होड्यांत हिंडत आले होते. होडीच्या मधोमध मातीच्या थरावर विस्तव धगधगत असायचा. वल्ही बायका मारायच्या, आणि बर्फासारख्या पाण्यात बुडी मारून शिंपलेही त्याच आणायच्या. मग दूरदेशींची माणसं आली, जमिनी गेल्या, साथी आल्या, माणसं मेली. जी उरली त्यांच्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलायची लाज वाटू लागली, कारण बोललं की बाकीचे हसायचे. आईच्या मांडीवर ती भाषा शिकलेलं शेवटचं माणूस जाऊन आता चाळीस वर्षं झाली होती.

"शब्द उरलेत, शब्दकोशात," आजोबा म्हणाले. "पण माझी आई सांगायची, पणजी वल्हं मारताना बोलली तरी गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. ते मी कधीच ऐकलं नाही. तिचं खरं नावही आम्हाला ठाऊक नाही. पाद्र्यांनी तिला सारा म्हटलं, तेवढंच राहिलं."

इलारियाने त्यांचा हात धरला. "मग रस्त्याला हात न लावता रस्ता बघता आला तर?"

आजोबा हसले. "त्यासाठीच तर ही नळी मागवली."

शेडमधल्या टेबलावर त्यांचं नवं उपकरण होतं. त्याला ते प्रकाशसुई म्हणत. प्रकाशाचा एक अतिशय बारीक ठिपका चराच्या तळावर पडायचा आणि परत यायचा. उंचवट्यावरून तो लवकर परतायचा, खळग्यातून किंचित उशिरा. त्या फरकावरून त्या जागेची खोली कळायची. अशा लाखो जागा मोजून पातो त्यांचा नकाशा बनवणार होता, आणि नकाशावरून पुन्हा थरथर. मेणाला काहीही शिवणार नव्हतं.

काही दिवस नळी संथपणे फिरत राहिली. इलारिया शाळेतून आली की दप्तरासकट शेडमध्ये शिरायची. अखेर एका दुपारी पातो म्हणाला, "तयार आहे."

आधी खरखर आली, मग एक लांब शिट्टी, आणि मग एक चिवचिवाट. चिमणीने घाईघाईत भांडण काढल्यासारखा. आजोबांचा चेहरा उतरला.

"ही नाही. ही माणसाची चालच नाही."

"नळी किती वेगाने फिरत होती, ते आपल्याला माहीत नाही," पातोने सांगितलं. "वेग जास्त धरला की आवाज बारीक होतो."

इलारिया विचारात पडली. "पण ती शिट्टी कोण वाजवतंय? गाण्यात शिट्टी कशाला?"

आजोबांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे मीच विसरलो! आवाज टिपणारे लोक सुरुवातीला एक स्वरनळी (नेहमी एकच ठरलेला सूर देणारी शिट्टी) वाजवायचे. पुढे ऐकणाऱ्याला वेग कळावा म्हणून. पातो, शिट्टी तिच्या मूळ सुरावर येईपर्यंत वेग कमी कर."

शिट्टी खाली खाली उतरली आणि एका जागी थांबली. तिच्यामागून एक बाई गाऊ लागली.

आवाज खोल होता, थोडा घोगरा. वल्ह्याच्या फटक्याइतक्या अंतराने ती श्वास घेत होती. आजोबा शब्द ओळखून पुटपुटू लागले. ती समुद्राच्या तळापासून वर आलेल्या, दोरखंडासारख्या जाड शेवाळाशी बोलत होती. बुडी मारायच्या आधी बायका त्या शेवाळालाच होडी बांधायच्या.

"होडी धरून ठेव, शेवाळा... आत माझं लेकरू आहे, विस्तव आहे... मी खाली जाऊन येते... वर आले की मला हाक मार, म्हण—"

आणि तिथे नुसती खरखर. मग पुढची ओळ.

"टवका उडालाय तिथला," इलारिया हळूच म्हणाली. "तिथेच तिचं नाव होतं का?"

आजोबांनी तोच तुकडा परत लावला. पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशीही ते जेवायला उठेनात. शेवटी त्यांनी विचारलं, "पातो, तुला ही जागा भरता येईल?"

"येईल. तिच्या आवाजाची ठेवण माझ्याकडे आहे. शब्दकोशातला इथे बसणारा शब्द निवडतो."

पातोने जागा भरली. आता पणजी म्हणाली, "वर आले की मला हाक मार, म्हण— आई." आवाज तोच, घोगरेपणा तोच. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इलारियाच्याही अंगावर काटा आला. पण थोड्या वेळाने तिला काहीतरी बोचू लागलं.

"आजोबा, 'आई' कोण म्हणालं? पणजी की पातो?"

 आजोबा नळीकडे वळले.

"बाकीचं सगळं आपण मोजलं," इलारिया चाचरत म्हणाली. "हे नाही मोजलं. पातोला जे शब्द ठाऊक आहेत त्यांतलाच त्याने घातला. तिचं नाव शब्दकोशात नसेलच तर?"

आजोबांनी डोळे पुसले. "आयुष्यभर मुलांना हेच शिकवत आलो. मोजलेलं वेगळं, अंदाज वेगळा. अंदाज वाईट नसतो, पण त्याच्यावर अंदाज असं लिहावं लागतं. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणीतरी म्हणेल, यागान बाई गाण्यात 'आई' म्हणायच्या. आणि मग खरं नाव शोधायला कुणी जाणारच नाही." ते थांबले. "मला ते इतकं हवं होतं, की मी विसरलोच."

"पुसून टाकू?" पातोने विचारलं.

आजोबांचं बोट जरा घुटमळलं. "टाक," ते म्हणाले.

शनिवारी बेटावरची माणसं शाळेच्या सभागृहात जमली. इलारियाच्या वर्गाने गाणं बसवलं होतं. मुलांनी जमिनीवर ओळीत बसून वल्हं मारल्यासारखे हात हलवले आणि पणजीच्या श्वासांप्रमाणे श्वास घेत ते गायले. 'वर आले की मला हाक मार, म्हण' इथपर्यंत आल्यावर सगळे गप्प झाले. हात मात्र हलत राहिले. त्या एवढ्याशा शांततेत खिडक्यांवर आदळणारा वारा ऐकू आला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. मग मुलांनी पुढची ओळ उचलली.

कार्यक्रमानंतर एक चिमुरडी इलारियाजवळ आली. "तू मधेच विसरलीस का?"

"नाही गं. तिथे एक नाव आहे. ते अजून आम्हाला सापडलेलं नाही."

"मग कुठे असेल ते?"

"कितीतरी संग्रहालयांत अशा नळ्या पडून आहेत, कुणीच न ऐकलेल्या. झिजतील म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. आता आम्ही प्रकाशसुई घेऊन जाणार. कदाचित तिने हेच गाणं आणखी कुणासमोर म्हटलं असेल. तिच्या बहिणीने म्हटलं असेल."

"आणि सापडलं, की मग?"

इलारियाने सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. आजोबा बाहेर उभे राहून खाडीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ती ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दर वेळी त्याच जागी थांबत होते.

"मग आपण सगळे किनाऱ्यावर जाऊ," ती म्हणाली, "आणि तिला हाक मारू."