मुद्दाम दोन कमी

सकाळी तिने छोट्या खोलीचं दार उघडलं, तर आत एक चांगला उंचापुरा माणूस एका पायावर उभा. डोळे घट्ट मिटलेले, हात दोन्हीकडे पसरलेले आणि चेहरा इतका गंभीर, की सगळ्या इमारतीचा भार जणू त्याच्याच तोलावर आहे.

“डोळे उघडे ठेवायचे असतात,” ती म्हणाली.

तो दचकला, डुलला आणि मागच्या इवल्याशा खुर्चीवर धपकन बसला. उठायला गेला, तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

“म्हणजे मी... नापास?”

“इथे कोणी नापास होत नाही. ‘अजून वेळ हवा’ असं लिहितो आम्ही.”

“किती वेळ?”

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमच्या बाबतीत सांगणं कठीण आहे.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे लक्षात ठेवायचं तिला काही कारण नव्हतं. पण राहिलं लक्षात, आता काय करणार.

त्या कार्यालयाचं काम एकच. कोण कशाला तयार झालंय, ते तपासायचं. छोट्या खोलीत शाळेत जाऊ घातलेली चिमुरडी यायची. एका पायावर उभं राहता येतं का, कात्रीने गोल कापता येतो का, आई दाराबाहेर गेली की पोर भोकाड पसरतं की रमतं, हे तिथे बघायचं. मधल्या खोलीत कॉलेजला निघालेली मुलं, आणि शेवटच्या खोलीत नोकरीच्या उंबरठ्यावरची. ती छोट्या खोलीची. तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. एक तर तिच्या खिशात मुलांची बोथट कात्री असायची, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. ती काही बोथट नव्हती. हा आलेला माणूस मधल्या खोलीतला, म्हणून कॉलेजवाला. आता त्यालाही छोट्या खोलीचं काम शिकायचं होतं.

शिकायची रीत अशी. जुनी चित्रफीत लावायची, त्यातलं मूल दोघांनी शेजारी बसून बघायचं आणि एकमेकांच्या कागदाकडे न बघता मार्क लिहायचे. चार म्हणजे पूर्ण तयार, एक म्हणजे अजून वेळ हवा. दोघांचे आकडे सतत जुळायला लागले, की नजर तयार झाली असं समजायचं आणि जोडी मोडून ज्याला त्याला वेगळ्या कामाला धाडायचं. चित्रफितीतली मुलं केव्हाच शाळेत जाऊन मोठी झाली होती, त्यामुळे या सरावाने कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी दोघांचे जवळजवळ सगळे आकडे जुळले.

“अरे वा,” मोठ्या बाई खूश झाल्या. कार्यालयाच्या प्रमुख त्या. “असंच चाललं तर आठवडाभरात सुटाल दोघं.”

कात्रीबाई मात्र खूश झाली नाही. आठवडाभरात? त्याने आत्ता कुठे तिला विचारलं होतं, की चहात साखर किती.

दुसऱ्या दिवशी चित्रफितीतला मुलगा एका पायावर असा उभा राहिला, की ढकलला असता तरी पडला नसता. चार. डोळे झाकून चार. तिने कागदावर हात आडवा धरला आणि लिहिलं, दोन. मग कात्रीला तीनऐवजी एक. एकदा सवय झाली आणि हात सरावला. प्रत्येक ठिकाणी मुद्दाम दोन कमी.

“तुम्हाला खरंच तो डळमळला असं वाटलं?” त्याने हळूच विचारलं.

“जरासा... डुलला.”

“मला नाही दिसला.”

“तुमची नजर अजून बसायचीय,” ती म्हणाली. बेशरमपणा तरी किती असावा माणसाच्या अंगात.

दिवस मोठे मजेत चालले होते. तो चहा आणायचा, कप तिच्या हाताशी ठेवायचा आणि बोटं काढून घ्यायला क्षणभर उशीर करायचा. पडद्यावरची पोरगी आईला सोडेना, तर तो म्हणायचा, “हिला समजू शकतो मी. काही माणसांना सोडून जाणं अवघडच असतं.” आणि ती पडद्याकडे बघत राहायची, पण तिला दिसत काहीच नसायचं.

पण मोठ्या बाईही काही भोळ्या नव्हत्या. एक दिवस त्यांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. कपाळाला आठ्या.

“तुमचं काही जुळत नाही बुवा. उद्यापासून हे मुलाखतवालीबरोबर बसतील. त्याही शिकतायत छोट्या खोलीचं काम.”

झालं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. जोडी मोडू नये म्हणून जे केलं, त्यानेच मोडली.

मुलाखतवाली शेवटच्या खोलीतली. तरुण मुलांना मुलाखतीत कसं बसायचं, कसं बोलायचं हे येतं का ते तपासायची, जमेना तर शिकवायचीही. स्वतः अशी ताठ चालायची आणि असं गोड बोलायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला कोणीही नोकरी देईल. आणि कात्रीबाईच्या मते, नोकरीवर भागलं तर बरं.

छोटी खोली आणि तिच्या शेजारची खोली यांच्यामध्ये काच होती. मुलांना कळू न देता त्यांना बघण्यासाठी बसवलेली. त्या काचेचा असा उपयोग आजवर कोणी केला नसेल. काचेपलीकडे मुलाखतवाली हसायची, तो मान डोलवायचा. एकदा तर मुलाखतवालीने त्याचा हात हातात घेतला आणि सोडीचना. नंतर कळलं, की हस्तांदोलन कसं करायचं ते ती दाखवत होती. कळलं म्हणून काय झालं? हस्तांदोलन शिकायला इतका वेळ लागतो? चिमुरडी पोरं कात्री धरायला त्याहून लवकर शिकतात.

आणि पहिल्याच दिवशी त्यांचे आकडे जुळले. सगळेच्या सगळे.

खरं तर यात दुःख कसलं? त्याचे आकडे आपल्याशी न जुळू देण्याचा उद्योग तिने स्वतःच केला होता. पण मत्सराला हिशेब कळतो थोडाच. ‘माझ्याशी जुळलं नाही, तिच्याशी बरं जुळतं,’ या एका वाक्याने तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर पावसात दोघं एका छत्रीतून बसथांब्याकडे निघालेली. छत्री मुलाखतवालीची होती आणि त्याचा एक खांदा पार भिजत होता. तिने भिजलेला खांदा सोडून बाकी सगळं पाहिलं.

घरी आल्यावर तिने भाजी चिरायला घेतली, तेव्हा वहिनीने सुरी तिच्या हातातून काढूनच घेतली.

“बोट कापशील. कोण आहे ती?”

“कोण कोण?”

“जिचा राग त्या भाजीवर काढतेयस ती.”

“वहिनी, तू ना...” ती म्हणाली. मग सगळं सांगून टाकलं. मार्कांचं, काचेचं, छत्रीचं.

वहिनी हसली नाही, हे वहिनीचे उपकार. “त्याला सांगितलंस?”

“काय सांगू? तुमच्याशेजारी बसायला मिळावं म्हणून खोटे मार्क लिहिले?”

“हो. तेच.”

“मेले तरी नाही सांगणार.”

“मग जळत बस बाई. तुझ्या दादाला सांगते, गॅस वाचला.”

आणि मग बातमी आली. नदीपलीकडे नवी शाखा उघडत होती. तिथे छोट्या खोलीला एक माणूस हवा होता आणि नोकरीच्या खोलीला एक. कॉलेजवाला आणि मुलाखतवाली, दोघंही चालली. त्याच्यासाठी ही बढतीच होती. एकच अट राहिली होती. ज्या जोडीदाराशी आकडे जुळले नव्हते, तिच्याबरोबर शेवटचं एकदा बसून जुळवून दाखवायचं. म्हणजे कात्रीबाईबरोबर. जुळलं, तर तो नदीपलीकडे जाणार. नाही जुळलं, तर राहणार.

आदल्या दिवशी तो तिच्या दाराशी आला.

“उद्या... बसायचंय आपल्याला.”

“माहीत आहे. अभिनंदन.”

“अजून काही झालं नाही.”

“होईल की. काळजी करू नका, उद्या नीट लिहीन मी. अगदी डोळ्यांत तेल घालून. तुम्ही जा खुशाल. सोबतही चांगली आहे.”

तो काहीतरी बोलणार होता. पण ती ठोकळे डब्यात भरायला लागली होती, आणि ठोकळ्यांचा आवाज फार मोठा असतो, मुद्दाम केला तर.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसली. मोठ्या बाई मागे. पडद्यावर एक मुलगी कागद कापत होती. गोल कापला, ताटलीसारखा. चार. कात्रीबाईने पेन उचललं. बढती त्याची होती, कष्ट त्याचे होते, हे तिला ठाऊक होतं. आणि तरी डोळ्यांसमोर ती छत्री आली. जाऊ द्यायचं नदीपलीकडे? तिच्याबरोबर? तिने लिहिलं, दोन. पुढच्या प्रत्येक ठिकाणीही दोन कमी. लाज वाटत होती आणि हात थांबत नव्हता.

मोठ्या बाईंनी दोन्ही कागद घेतले. एकदा पाहिले, दोनदा पाहिले. चष्मा काढून पुसला.

“जुळलं,” त्या म्हणाल्या. “एकूण एक आकडा जुळला.”

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, तोंड उघडं.

“आणि एकूण एक आकडा चूक आहे,” मोठ्या बाईंचा आवाज थंड होता. “या मुलीला कात्री धरता येत नाही, असं तुम्हा दोघांचं म्हणणं आहे. मला आता कोणीतरी समजावून सांगा.”

तो उठला. “बाई, चूक माझी—”

“तुम्ही बसा,” कात्रीबाई म्हणाली. मेले तरी सांगणार नाही म्हणणारी ती, पण त्याला आपल्यासाठी मान खाली घालताना बघणं तिला जमेना. “सुरुवात माझी आहे. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम कमी लिहितेय. जुळलं असतं तर आमची जोडी मोडली असती. आणि आज... आज यांनी जाऊ नये म्हणून लिहिलं. त्यांच्याबरोबर तर नकोच.” ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे सांगावं लागलं नाही.

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “आणि तुमचं काय?”

“मलाही जायचं नव्हतं,” तो म्हणाला. “त्या म्हणाल्या, आज नीट लिहीन. म्हटलं, मग चुकवायचं काम आपल्यालाच करायला हवं. दोन कमी लिहायचं त्यांच्याकडूनच शिकलो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” ती पुटपुटली.

“दुसऱ्या दिवसापासून. तो मुलगा डुलला म्हणालात ना, तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तुम्ही खरे मार्क लिहायला लागला असता.”

“आणि तिच्याशी बरं पहिल्याच दिवशी जुळलं.”

“त्यांच्याशी जुळवायला काही केलंच नाही मी. दिसलं ते लिहिलं. तिथे वाचवायचं काही नव्हतंच.”

मोठ्या बाई खाकरल्या. त्या अजून तिथेच होत्या, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. “चुकवायलासुद्धा बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं, एवढं तुमच्या बाजूने धरते. पण खोटा कागद या खोलीतून बाहेर जाणार नाही. पडद्याला आडवे बसा, पाठीला पाठ लावून, आणि मान वळवून बघत आत्ता पुन्हा लिहा. खरं खरं.”

चित्रफीत पुन्हा लागली. त्याच्या पाठीची ऊब तिच्या पाठीला जाणवत होती. खरं लिहिलं, की तो जाणार. खोटं लिहायची आता हिंमत नव्हती, असं नाही. इच्छा नव्हती. मुलीने गोल कापला आणि तिने लिहिलं, चार. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान जरा वर धरली, एवढंच.

जुळलं. सगळं. मोठ्या बाईंनी सही केली. सोमवारपासून तो नदीपलीकडे.

बसथांब्यावर दोघं उभी राहिली. त्याची बस आली आणि गेली. तो चढलाच नाही.

“मी फार वाईट आहे,” ती म्हणाली. “तुमची बढती घालवायला निघाले होते. मला जळायला फार होतं, आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणू नका.”

“तुम्ही काचेतून बघता, हे मला ठाऊक होतं.”

“शी. हेही?”

“ते हस्तांदोलन मला पहिल्याच वेळी जमलं होतं,” तो म्हणाला. “तीन वेळा पुन्हा दाखवायला सांगितलं. म्हटलं, तुम्ही काच फोडून आत येता का बघू.”

तिने पर्स उगारली. मारली नाही, पण तसा विचार झाला होता.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. “पहिल्या दिवसापासून. शेजारची खुर्ची गेली तरी चालेल. पण तुमच्या घरी दादा-वहिनींना भेटायला यायचंय मला. कधी येऊ?”

दुसरी बस दिव्यांसकट वळणावर दिसली. तिने खांद्यावरची पर्स नीट केली.

“मलाही तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “रविवारी या.”

“नक्की येतो.”

तो पायरीवर चढला, दांडा धरला. बस हलली, तशी तीही चार पावलं बसबरोबर चालली.

“आणि ऐका,” ती म्हणाली. “एकटेच या.”